पाच-दहा किलोमीटरचा प्रश्न : सायकल आणि गरिबांची कमाई

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब लागते. दारव्हा तालुक्यातल्या या गावासारखी मोठी गावे विदर्भात दर काही कोसांवर आहेत. लहान गावांतली माणसे बाजार, दवाखाना, बँक, खताचे दुकान आणि पुढच्या वर्गांची शाळा यासाठी अशाच गावाकडे वळतात. वाट साधारण तीन ते दहा किलोमीटरची असते. पायी निघाले तर तास-दोन तास जातात. बसच्या फेऱ्या मोजक्या असतात, आणि ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. घरात फटफटी असलीच तर ती बहुधा कर्त्या पुरुषाच्या हाती असते. बाई, शाळकरी मुलगी, म्हातारा शेतमजूर आणि कोरडवाहू दोन-तीन एकरवाला हे सगळे अजूनही या मधल्या अंतरात अडकलेले आहेत.

हे अंतर नेमके सायकलच्या आवाक्यातले आहे. म्हणूनच कमी उत्पन्नाच्या वस्तीत सायकल हे आर्थिक विकासाचे साधन ठरू शकते का, यावर गेली पन्नासेक वर्षे चर्चा चालू आहे. अर्थतज्ज्ञ, वाहतूक नियोजक, स्वयंसेवी संस्था आणि राज्य सरकारे अशा सगळ्यांनी तिच्यात भाग घेतला. यवतमाळसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यातून या चर्चेकडे पाहिले, की तिची बलस्थाने आणि तिच्यातल्या मोकळ्या जागा जास्त स्पष्ट दिसतात.

पार्श्वभूमी

भारतात सायकल आली ती साहेबांची आणि सधन शहरी माणसांची वस्तू म्हणून. खेड्यात ती आधी पोस्टमन, शिक्षक, तलाठी यांच्या हाती दिसली. पुढे हुंड्याच्या यादीत घड्याळ आणि रेडिओच्या शेजारी तिला जागा मिळाली, यावरून तिची किंमत आणि तिचा मान दोन्ही कळतात. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला टीआय, १९५१ मध्ये सोनीपतला अॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो उभी राहिली. उत्पादन वाढत गेले तशी सायकल सामान्य माणसाच्या खिशाजवळ आली. ज्यांना तरीही ती परवडत नव्हती त्यांच्यासाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने तालुक्याच्या गावोगावी होती. गरिबाला वस्तू विकत न घेता तिचा उपयोग करू देणारी ती साधी व्यवस्था आता जवळजवळ नाहीशी झाली आहे. आजच्या चर्चेत तिची आठवणही कोणी काढत नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

विकासाच्या विचारात सायकल शिरली ती १९७० च्या दशकात. विचारवंत इव्हान इलिच यांनी १९७४ च्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात मांडले, की सायकलवरचा माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा तीन-चार पट वेगाने जातो आणि त्यासाठी त्याची शक्ती पाचव्या हिश्श्याइतकी खर्च होते. त्या काळात ग्रामीण वाहतूक म्हणजे रस्ते, असेच समीकरण होते. महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामांतून गावोगाव रस्ते झाले. पण रस्त्यावरून जायला गरिबाच्या हाती काय आहे, हा प्रश्न त्या आराखड्यांत नव्हता. टांझानियातल्या मकेते भागात १९८० च्या दशकात कुटुंबांच्या रोजच्या ये-जा करण्याची बारकाईने पाहणी झाली. बहुतेक वाहतूक गावाच्या शिवारातच, पायी आणि बायकांच्या डोक्यावरून होते, हे तिच्यातून पुढे आले. इयन बारवेल आणि जोनाथन डॉसन यांच्या १९९३ च्या पुस्तकाने, केवळ रस्ते पुरेसे नाहीत, हा मुद्दा नावातच मांडला. बैलगाडी, हातगाडी, सायकल ही पायी चालणे आणि मोटार यांच्या मधली साधने गरिबांसाठी महत्त्वाची आहेत, ही भूमिका तेव्हापासून रुजली.

याच सुमारास तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात एक वेगळाच प्रयोग झाला. १९९१ नंतर तिथल्या साक्षरता मोहिमेत, जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या पुढाकाराने, बायकांना सायकल शिकवणे हा मोहिमेचाच भाग झाला. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याचा वृत्तान्त लिहिला आहे. लाखाच्या घरात बायका सायकल चालवायला शिकल्या. शेतमाल विकायला नेणे, पाणी आणणे, मुलांना सोबत नेणे ही कामे सायकलवर होऊ लागली आणि बसची वाट पाहण्यात जाणारे तास वाचले. त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. लेडीज सायकली पुरेनात म्हणून बायकांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या आणि त्याच त्यांना सोयीच्या वाटल्या, कारण पुढच्या नळीवर मूल बसवता येते. कोणती सायकल कामाची, हे वापरणारी बाईच ठरवू शकते, हे तीस वर्षांपूर्वीच समोर आले होते.

शाळेच्या वाटेवरचा पुरावा

या सगळ्या विषयात सर्वात भक्कम पुरावा आहे तो मुलींच्या शिक्षणाचा. बिहार सरकारने २००६ मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून या योजनेचा परिणाम मोजला. योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत परिणाम जास्त होता. म्हणजे फरक पडला तो अंतर तुटल्यामुळे. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुली १८ टक्क्यांनी वाढल्या, उत्तीर्ण होणाऱ्या १२ टक्क्यांनी. शाळेपर्यंत पोचणे आणि शाळेत शिकणे यांतला फरक या दोन आकड्यांच्या अंतरात दिसतो.

झांबियातल्या ग्रामीण शाळांमध्ये मुलींना सायकली देऊन तसाच अभ्यास झाला. जाण्यायेण्याचा वेळ सुमारे एक तृतीयांशाने घटला आणि गैरहजेरी २८ टक्क्यांनी कमी झाली. वाटेत होणारा त्रास कमी झाल्याचे आणि आपल्या आयुष्यावर आपला अधिकार आहे ही भावना वाढल्याचेही मुलींनी सांगितले.

बिहारनंतर अनेक राज्यांनी ही वाट धरली. पश्चिम बंगालच्या २०१५ पासूनच्या ‘सबुज साथी’ योजनेत नववी ते बारावीच्या मुलग्यांनाही सायकल मिळते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मानवी विकासात मागे पडलेल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात. अट अशी, की मुलगी शाळेपासून पाच किलोमीटरच्या आतल्या गावातली हवी. त्यापलीकडून येणाऱ्यांसाठी निळ्या रंगाच्या बस आहेत. सायकलची रक्कम आधी साडेतीन हजार होती, २०२२ मध्ये ती पाच हजार झाली. काही हिस्सा आधी बँक खात्यात येतो आणि सायकल घेतल्याची पावती दाखवली की उरलेला.

या योजनेचा परिणाम बिहारच्या तोडीने मोजला गेला असता तर विदर्भ-मराठवाड्यासाठी फार उपयोगी माहिती हाती आली असती. महाराष्ट्रात बिहारपेक्षा शाळा जवळ आहेत, एसटीचे जाळे आहे आणि मुलींना बसचा मोफत पास आहे. त्यामुळे बिहारचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील असे मानता येत नाही. ते लागू होणारच नाहीत, असे म्हणायलाही आधार नाही.

दुसरा प्रश्न शिक्षणानंतरचा आहे. शबाना मित्रा आणि कॅले मूने यांनी बिहारच्या सायकल मिळालेल्या मुलींचा पुढचा मागोवा घेतला. मुली जास्त शिकल्या, त्यांच्या अपेक्षा वाढल्या, शेतमजुरीकडे त्या कमी वळल्या. पण गावाजवळ शेतीबाहेरचे काम नसल्याने शिक्षणाचे कमाईत रूपांतर होणे अडले. सायकलने मुलीला शाळेपर्यंत नेले. शाळेनंतर कुठे, याचे उत्तर सायकलजवळ असणार नाही. आर्थिक विकासाचे साधन म्हणून सायकलकडे पाहताना हा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटतो.

कमाईचा हिशोब

शिक्षणाच्या तुलनेत सायकलने घरचे उत्पन्न किती वाढते याचा पुरावा विरळ आहे, आणि मतभेद आहेत ते इथेच.

सायकलच्या बाजूने मांडणी अशी होते. तासाभरात माणूस पायी चार-पाच किलोमीटर जातो, सायकलवर बारा-पंधरा. पल्ला तिप्पट झाला की पोचता येणारे क्षेत्र नऊपट होते. तेवढी जास्त गावे, तेवढे जास्त मालक, तेवढ्या जास्त बाजारांतून निवड. ज्या शेतमजुराला दोनच शिवारांत काम मागता येते त्याला मिळेल तो दर घ्यावा लागतो. दहा शिवारे आवाक्यात असली तर नाही म्हणता येते. भाजी पिकवणारा गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला माल न देता आठवडी बाजारात स्वतः बसू शकतो. शिवाय सायकल हाच धंदा असलेले लोक आहेतच: पाव-खारीवाले, कुल्फीवाले, भंगार गोळा करणारे, चाकू-कात्रीला धार लावून देणारे. मुंबईचे डबेवाले लोकलमधून उतरल्यावर शेवटचा टप्पा सायकलवरच गाठतात. झारखंडमध्ये सायकलवर दोन-दोनशे किलो कोळसा लादून डोंगर चढणारी माणसे आहेत. त्यांचे जिणे हलाखीचे आहे, पण सायकल किती ओझे पेलू शकते आणि किती कुटुंबे तिच्यावर उभी आहेत हे तिथे दिसते.

दिल्लीच्या टेरी या संस्थेने २०१८ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, देशात जवळच्या अंतरासाठी दुचाकी-चारचाकीऐवजी सायकल वापरली तर वर्षाला १.८ लाख कोटी रुपयांचा, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १.६ टक्के इतका फायदा होईल. मात्र इंधनाची बचत, कमी प्रदूषण, सुधारलेले आरोग्य हे सगळे त्या रकमेत धरलेले आहे. बोरी अरबच्या आसपासच्या मजुराच्या हातात त्यातले किती पडेल, हा वेगळा हिशोब आहे आणि तो कोणी मांडलेला दिसत नाही.

शंका घेणाऱ्यांचे म्हणणेही वजनदार आहे. वाचलेल्या वेळेचा पैसा तेव्हाच होतो, जेव्हा त्या वेळेला काम असते. यवतमाळची शेती मुख्यतः पावसावर. पेरणी, डवरणी, निंदण जूनपासून ऑगस्टपर्यंत. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते आणि थंडी सरेपर्यंत चालते. उन्हाळ्यात शिवार रिकामे. ज्या महिन्यांत सगळ्याच गावांत काम नसते तेव्हा पल्ला नऊपट झाला तरी हाती काही लागत नाही. आणि हंगामात मजुरांचीच टंचाई असते. तेव्हा शेतमालक किंवा मुकादम ऑटो, टेम्पो पाठवून बायकांच्या टोळ्या घेऊन जातो. वाहतूक मालकाकडून मिळत असताना सायकलचा उपयोग काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे. टोळीच्या ऑटोत बसणारी बाई कुठे जायचे, किती वाजता परतायचे आणि काय दराने काम करायचे हे स्वतः ठरवत नाही. वेचणी किलोवर असते. ज्या शेतात बोंडे चांगली फुटलीत तिथे जाता आले तर दिवसाची मजुरी बदलते. तिच्याकडे सायकल असती तर ही निवड तिच्या हाती आली असती का, की टोळीने जाण्यातली सुरक्षितता आणि सोबत तिला जास्त मोलाची वाटली असती? हा प्रश्न बायकांनाच विचारायला हवा आणि विदर्भापुरता तरी तो नीट विचारला गेलेला नाही. रोजगार हमी कायद्यानेही पाच किलोमीटरची रेघ ओढली होती: काम त्यापलीकडे असेल तर दहा टक्के जास्त मजुरी. अंतराला किंमत असते आणि ती मजुराने एकट्याने सोसू नये, हे त्या तरतुदीत मान्य झालेले आहे.

डवऱ्याला लागलेले चाक

वऱ्हाडात सायकलने कमाईला हातभार लावलेला एक प्रकार असा आहे, जो सायकलविषयीच्या अभ्यासांत सहसा येत नाही, कारण त्यावर कोणी बसत नाही. जुन्या सायकलचे पुढचे चाक, चिमटा आणि हँडल घ्यायचे, मागे पास, म्हणजे तण कापणारे पाते, बसवायची आणि दोन ओळींमधून ढकलत न्यायचे. याला कुठे सायकल कोळपे म्हणतात, कुठे सायकल डवरा. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे शेतकरी गोपाळ मल्हारी भिसे यांनी बनवलेल्या अशा ‘कृषिराजा’ अवजाराची राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दखल घेतली. गावोगावचे वेल्डर आज आपापल्या पद्धतीने ते बनवून देतात.

त्याचे अर्थकारण सरळ आहे. दोन-तीन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याला बैलजोडी पोसणे परवडत नाही. वैरण महाग, राखणारा माणूस नाही. दुसऱ्याची जोडी भाड्याने घ्यावी तर पावसाने उघडीप दिली की सगळ्यांना ती एकाच दिवशी हवी असते. दिवस चुकला की तण वाढते, मग निंदणाला जास्त बाया लावाव्या लागतात किंवा तणनाशक फवारावे लागते. सायकल डवऱ्याने हा शेतकरी आपल्या वेळेला आपले शेत डवरू शकतो. रोख खर्च वाचतो आणि भाड्याच्या जोडीवरचे अवलंबन सुटते. मर्यादाही आहेत. ओल्या काळ्या मातीत चाक रुतते, दिवसभर ढकलणे अंग मोडणारे काम आहे, आणि बरेचदा पुढून दोरीने ओढणारा दुसरा माणूस लागतो. तो माणूस पुष्कळदा घरची बाई असते. तिच्या श्रमाचा हिशोब कुठेच होत नाही. तरीही ज्या जिल्ह्याच्या कर्जबाजारीपणाची आणि शेतकरी आत्महत्यांची देशभर चर्चा झाली, तिथे रोख खर्च कमी करणाऱ्या या अवजाराला सायकलविषयक धोरणात जागा मिळायला हवी.

अशाच कल्पक कामाचे दुसरे उदाहरण फलटणचे. निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी १९९० च्या दशकात सायकल रिक्षा हलकी आणि गिअरची केली, मग तिला छोटी मोटर जोडली आणि शेवटी विजेवरची रिक्षा बनवली. ओढणाऱ्याचे हाल कमी व्हावेत हा हेतू होता. रिक्षाच्या बाबतीत मूळ दुखणे मात्र मालकीचे होते. रोजचे भाडे भरता भरता माणूस आयुष्यभर भाडेकरूच राहतो. गुवाहाटीत २००४ पासून रिक्षा बँकेने हप्त्याने मालकी देण्याचा मार्ग काढला. दिल्लीत रिक्षांच्या संख्येवरची मर्यादा उच्च न्यायालयाने २०१० मध्ये रद्द केली. आता बॅटरीच्या रिक्षांनी हे चित्रच पालटले आहे.

बस की सायकल

एक भूमिका अशी आहे, की गरिबांना सायकल देणे म्हणजे सरकारने सार्वजनिक वाहतुकीच्या जबाबदारीतून अंग काढून घेणे. ऊन, पाऊस, चढ यांतून मुलींनी पाय मारत का जावे? गावात वेळेवर एसटी का येऊ नये? महाराष्ट्रात या भूमिकेला मोठा आधार आहे. एसटी इथल्या ग्रामीण जीवनाचा कणा आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट अर्धे झाल्यावर त्यांचा प्रवास वाढला. गरीब प्रवाशाचे साधन बंद पडते तेव्हा काय होते हे दारव्हा तालुक्याने शकुंतला रेल्वेच्या बाबतीत पाहिले आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी दारव्ह्यावरून जाणारी ती छोटी गाडी थांबली आणि स्वस्त प्रवासाचा एक मार्ग संपला.

दुसरी भूमिका २०२१-२२ च्या एसटी संपाकडे बोट दाखवते. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिलपर्यंत लांबला. कोविडनंतर शाळा नुकत्या उघडत होत्या आणि पासवर येणाऱ्या मुली घरी बसल्या. ज्यांच्याकडे सायकल होती त्यांना निदान जवळची शाळा गाठता येत होती. बसचे वेळापत्रक शाळेच्या घंटेशी जुळते, पण बाजाराशी, वेचणीच्या सकाळशी, शिकवणीच्या वेळेशी जुळत नाही. माझ्या मते ही दोन साधने एकमेकांच्या विरोधात उभी करणे चूक आहे. पाच किलोमीटरच्या आत सायकल, त्यापुढे बस, आणि बसथांब्यापर्यंत पुन्हा सायकल, असा विचार मानव विकास कार्यक्रमाच्या रचनेत अर्धा तरी आहे. थांब्यावर सायकल लावायला सुरक्षित जागा मात्र कुठेच नसते.

याला जोडून एक ताजा वाद आहे. महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत आणि २०२३ मध्ये त्या एकत्र करून समूह शाळा करण्याचा प्रस्ताव पुढे आला. मुलांना नेण्या-आणण्याची सोय करू, असे सांगितले गेले. पण या शाळा बहुतेक प्राथमिक आहेत आणि सायकल योजना आठवीपासून सुरू होते. सात-आठ वर्षांच्या मुलाला राज्य मार्गावरून सायकल चालवत पाठवता येत नाही. शाळा दूर नेण्याचे समर्थन सायकलने होऊ शकत नाही, हे या वादात स्पष्ट म्हणायला हवे.

फुकट, रोख की हप्त्याने

सायकल द्यायची कशी, यावर तीन मते आहेत. सरकारने विकत घेऊन वाटली तर सगळ्यांना एकदम मिळते, घाऊक दर मिळतो. पण निविदा, हलका दर्जा आणि शाळा सुरू होऊन महिने उलटल्यावर झालेले वाटप या तक्रारी जवळपास प्रत्येक राज्यातून येतात. रोख दिली तर मुलगी आपल्या उंचीची, आपल्या पसंतीची सायकल घेते आणि गावच्या दुकानदाराचा धंदा होतो. मात्र पैसे घरच्या दुसऱ्या गरजेत जाण्याची भीती असते. बिहारमध्ये या दोन पद्धतींवर पुष्कळ चर्चा झाली आहे. महाराष्ट्राची आधी काही आणि पावतीवर उरलेली रक्कम ही पद्धत मधली वाट म्हणून समजूतदार आहे. तिच्यात एकच अडचण मोठी आहे. चांगल्या सायकलची किंमत मिळणाऱ्या रकमेपेक्षा जास्त असते आणि वरचे पैसे ज्यांच्याकडे नाहीत त्याच मुली मागे राहतात.

तिसरे मत सांगते, की फुकट वस्तू टिकत नाही, ती विकत घ्यायला लावावी. २००५ मध्ये त्सुनामीनंतर श्रीलंकेत सुरू झालेली वर्ल्ड बायसिकल रिलीफ ही संस्था आफ्रिकेत दोन्ही मार्ग चालवते: शाळेतल्या मुलींना सायकल मोफत, शेतकऱ्यांना आणि छोट्या व्यापाऱ्यांना विकत. त्यांची ‘बफेलो’ सायकल जड आहे, मागच्या कॅरिअरवर शंभर किलो पेलते, आणि तिच्यासोबत गावातले मेकॅनिक तयार करून सुटे भाग पोचवले जातात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींची जातकुळी तीच होती. आता योजनांतून मिळते ती पुढे टोपली लावलेली हलकी सायकल. दप्तरासाठी ती ठीक. पण भाजीचे क्रेट, दुधाचे कॅन किंवा शेतातून आणायचा सरपणाचा भारा तिच्यावर चालत नाही. सायकल कमाईचे साधन व्हावी असे वाटत असेल तर कॅरिअर, रिम आणि स्पोक यांच्या मजबुतीवर बोलावे लागेल. आपल्या चर्चेत हे तांत्रिक मुद्दे क्षुल्लक समजून वगळले जातात. माझ्या दृष्टीने प्रश्न तिथेच अडला आहे.

बचत गट हे विदर्भात घट्ट रुजलेले माध्यम आहे. शेळी, शिलाई मशीन, पिठाची गिरणी यासाठी गटातून कर्ज निघते, सायकलसाठी क्वचितच. सायकल ही कमाई करून देणारी वस्तू आहे, असे घरच्यांना, बँकेला आणि खुद्द गटालाही वाटत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. किंमत त्याने थोडी उतरेल. वस्तूकडे पाहण्याची नजर कराने बदलत नाही.

चिखल, पंक्चर आणि मान

सायकल घरात असून वापरली जात नाही, याची कारणे बोरी अरबच्या शिवारात शोधायला दूर जावे लागत नाही. पहिले कारण काळी माती. पावसाळ्यात पांदणीवरचा, म्हणजे शेतवाटेवरचा, चिखल टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरतो, चाक फिरेनासे होते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. नेमक्या त्याच महिन्यांत शेतीचे सर्वाधिक काम असते. राज्याने २०२१ मध्ये पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. तिचा विचार ट्रॅक्टर शेतापर्यंत नेण्याच्या अंगाने होतो. सायकलला त्याहून फार अरुंद, पण पाणी न साचणारी वाट पुरते.

दुसरे कारण दुरुस्ती. पूर्वी प्रत्येक मोठ्या गावात सायकलचे दुकान असे. फटफटी वाढल्या तसे मेकॅनिक तिकडे वळले. एक स्पोक, एक फ्रीव्हील, एक ट्यूब यासाठी तालुक्याला जावे लागले तर सायकल महिनोन्‌महिने भिंतीला टेकून राहते. मोफत वाटपाच्या खर्चात दुरुस्तीचा एक रुपयाही धरलेला नसतो.

तिसरे कारण रस्त्यावरची भीती. राज्य मार्ग रुंद आणि गुळगुळीत झाले, वाहनांचा वेग वाढला, पण कडेला सायकलपुरती पट्टी ठेवली गेली नाही. देशात दर वर्षी हजारो सायकलस्वार अपघातांत मरतात. मुलीला सायकलवर पाठवायला आई-बाप कचरतात यात नवल नाही.

आणि चौथे कारण मानाचे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या जवळपास निम्म्या घरांत सायकल आढळली. पश्चिम बंगालमध्ये हे प्रमाण ७९ टक्क्यांच्या जवळ, उत्तर प्रदेशात ७५ टक्क्यांवर, तर गुजरातमध्ये ३० टक्क्यांच्या आसपास. तुलनेने सधन राज्यांत सायकल कमी, हे पाहून काही अभ्यासक तिला चढून मागे टाकायची पायरी मानतात: उत्पन्न वाढले की फटफटी येते आणि तीच प्रगतीची खूण. ज्या तरुणाने कर्ज काढून जुनी फटफटी घेतली आहे त्याला सायकलचे गुण सांगणे अन्यायाचे होईल. पण फटफटी आल्यावर घरातल्या बाकीच्यांची वाट सोपी झाली का, हे विचारणे रास्तच आहे. पेट्रोल आणि हप्ता घरच्या कमाईतून जातो आणि किल्ली एकाच्या खिशात राहते.

अजून न सुटलेले

शिक्षणावरचा परिणाम सिद्ध झाला आहे, पण कुठल्या परिस्थितीत, हे राज्याराज्यांत तपासायचे राहिले आहे. उत्पन्नावरच्या परिणामाबद्दलचे दावे बहुतेक संस्थांच्या स्वतःच्या प्रकल्पांतून आलेले आहेत. त्यांत हंगाम, पीक, मजुरीची पद्धत यांचा विचार कमी आहे. दारव्हा तालुक्यासारख्या ठिकाणी तो अभ्यास करायचा तर पावसाळ्यातली डवरणी, नोव्हेंबरची वेचणी आणि मे महिन्यातला रिकामा काळ असे तिन्ही वेळा त्याच घरांत जावे लागेल, आणि सायकल कोण वापरतो, कशावर काय लादतो, किती दिवस ती बिघडून पडली, हे घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारावे लागेल.

बॅटरीच्या सायकलीने चढाचा आणि उन्हाचा प्रश्न काहीसा सुटेल, पण तिची किंमत साध्या सायकलच्या कितीतरी पट आहे. बॅटरी संपल्यावर ती बदलून कोण देणार, हे गावात कोणाला ठाऊक नाही. भाड्याच्या सायकलींची जुनी व्यवस्था बचत गटांमार्फत पुन्हा उभी राहू शकेल का, हेही कोणी करून पाहिलेले दिसत नाही. आणि आठवीत सायकल मिळालेली मुलगी बारावी झाल्यावर ती सायकल घरात कोणाकडे जाते? भावाकडे, धाकट्या बहिणीकडे, की तिच्याच हाती राहते आणि ती तिच्यावरून नर्सिंगच्या वर्गाला, शिलाईच्या कामाला, बँकेला जाते? योजनेच्या नोंदी पावतीपाशी थांबतात. त्या मुली आता वीस-पंचविशीच्या आहेत आणि त्यांच्यापैकी पुष्कळ जणी याच तालुक्यांत, लग्न होऊन दुसऱ्या गावी राहत आहेत.